साक्षीचं रक्त

जळगावच्या आमच्या दवाखान्यात मी सिस्टर होते. रक्त तपासणाऱ्या मॅडमच्या हाताला कायम कापसाची चिकटपट्टी असे. अत्यवस्थ रुग्णाचं रक्त किती लवकर गोठतं हे पाहताना शेजारच्या नळीत त्या स्वतःचं रक्त ठेवत.

"सिस्टर, आपल्या उन्हाचा काय भरवसा? उकाड्यानेही रक्त लवकर गोठतं, ताडून पाहायला जोडीला निरोगी रक्त हवंच."

मोठ्या शहरात असं कुणी करत असेल तर दाखवा!

एकदा पहूरहून भरती झालेल्या नानांचं रक्त झटकन गोठलं, मॅडमचं अजून पातळच होतं. त्या तडक वॉर्डात आल्या. "डॉक्टर, नानांच्या पायात रक्ताची गाठ व्हायच्या आत औषध सुरू करा."

नाना बरे होऊन निघाले तेव्हा मी त्यांना हे सांगितलं. फाटकावरच्या रिक्षावाल्याला ते ऐटीत म्हणाले, "माह्या रगताच्या साक्षीले बाईचं रगत उभं होतं!"