सरांना हवा तसा बाप

"तुझी आई हसते कशी गं?"

माझे कागद हातात धरून सरांनी सगळ्यांसमोर विचारलं. महिन्यातून एका रविवारी जालन्यात त्यांच्या घरी नवोदित लेखकांची बैठक भरायची. आम्ही दहाबारा जण. सर निवृत्त प्राध्यापक, चार पुस्तकं नावावर. नव्या माणसाचं पुस्तक निघायचं तर त्यांची प्रस्तावना लागायचीच, असा आमच्याकडे रिवाज. बाकी सगळ्यांना ते 'तुम्ही' म्हणायचे. मला 'तू'. आणि मी काही तिथे वयानं सगळ्यांत लहान नव्हते.

मी आईवर लिहिलं होतं. आई कपाशीच्या बियाण्याच्या प्लॉटवर क्रॉसिंगला जाते. दुपारनंतर मादी झाडाच्या कळ्या नखानं सोलायच्या, दुसऱ्या दिवशी सकाळी नराचं फूल त्यांच्यावर फिरवायचं. त्यासाठी आई अंगठ्याचं नख वाढवते. तिच्याइतक्या कळ्या कोणाच्यानं सोलून होत नाहीत आणि हे ती बाकीच्या बायकांना ऐकवून ऐकवून हसते. मुकादमाच्या चालीची नक्कल करते. तेवढंच लिहिलं होतं.

"हे असलं प्रसन्न लेखन आमच्याकडे पुष्कळ आहे," सर म्हणाले. "तुमच्या लोकांकडून आम्हाला दाह पाहिजे. बाप पीत असेल. मारत असेल. ते तू लपवतेस."

"न्हाई सर, आबा पीत न्हाईत."

कोणीतरी हसलं. बँकेतून निवृत्त झालेल्या एक मॅडम कळवळून म्हणाल्या, "लाजू नकोस गं. सांग मोकळेपणानं."

माझी कानशिलं तापली. मी खरं बोलले होते आणि हॉलमधल्या एकाही माणसाला ते खरं वाटलं नव्हतं. माझा बाप कसा आहे हे त्यांना माझ्याआधी ठाऊक होतं.

तेव्हाच उठून यायला पाहिजे होतं. आले नाही. हे मी सरांच्या माथी मारणार नाही. बदनापूरला झेरॉक्सच्या दुकानात मी टायपिंग करते. दिवसभर दुसऱ्यांचे अर्ज, दुसऱ्यांची प्रतिज्ञापत्रं. आपलं नाव छापलेलं एक पान पाहिजे, या एका गोष्टीपायी मी पार येडी झाले होते.

मग लिहिलं. दुपारच्या सुट्टीत, दुकानातच, डबा बाजूला सारून. आबांच्या हातात मी बाटली दिली. पट्टा दिला. ज्या नखाचं आईला एवढं कौतुक, ते मी आबांना पिरगाळून तोडायला लावलं. आबा गवंडी. वस्तीतल्या निम्म्या भिंती त्यांच्या हातच्या, बुद्धविहाराच्या तर चारही. या माणसानं आईवर कधी आवाजही चढवला नाही. लिहिताना मी कुठे अडले नाही. उलट वाटलं, जमतंय आपल्याला. ते आठवलं की आजही स्वतःची किळस येते.

सर खूश झाले. "आता लेखिका झालीस," म्हणाले. त्यांच्या शब्दावर ते एका दिवाळी अंकात छापून आलं, माझ्या फोटोसकट. घरी मी फोटो तेवढा दाखवला. अंक कपड्यांखाली दडपून ठेवला.

पण छापलेलं कुठं दडतं? आमच्या वस्तीतल्या गुरुजींनी जालन्याहून तो अंक विकत आणला. रविवारी विहारात वंदना झाली आणि ते उभे राहिले. "आपल्या मिस्त्रींच्या लेकीचं छापून आलंय. सगळ्यांनी ऐका." त्यांनीही आधी वाचलं नव्हतं. आपल्या पोरीचं कौतुक, म्हणून थेट वाचायलाच घेतलं. आबा पुढच्या ओळीत, पांढऱ्या सदऱ्यात, ताठ बसलेले. मी मागे. उठून गुरुजींच्या हातातला अंक हिसकावून घ्यायला पाहिजे होता. मी बसूनच राहिले.

अर्ध्या पानावर गुरुजींचा आवाज खाली आला. पण ते थांबले नाहीत. काय करावं ते त्यांनाही सुचलं नसेल. वाचून झालं तेव्हा कोणी टाळी वाजवली नाही. आमच्या भिंतीला भिंत लावून राहणारी म्हातारी तेवढी बोलली, "हे कव्हा झालं वं माय? आमाला कसं ऐकू न्हाई आलं?"

घरी आल्यावर आबांनी मलाच विचारलं. आईला नाही.

"मी कव्हा मारलं?"

"सर म्हणले, असं लिही."

"सरानं मला पाह्यलंय का?"

"न्हाई."

"मंग? तू तर पाह्यलंय."

एवढंच. शिवी दिली असती, एक कानाखाली ओढली असती, तरी मला सुटल्यासारखं झालं असतं. ते विहारात जायचे थांबले. आपल्याच हातच्या भिंतींत बसायची त्यांना लाज वाटायला लागली. कामावर लोक विचारायचे, "मिस्त्री, घरी शांतता हाय ना?" आई माझ्यासमोर हसेनाशी झाली. मी कारण विचारलं तर म्हणाली, "हासले तर कुठं काय लिहशील, काय सांगावं." आपल्याच घरात मी चोरासारखी वावरत होते. मरावं वाटायचं. खोटं नाही सांगत.

तेवढ्यात सरांचा निरोप आला. नवोदितांचा संग्रह निघतोय, प्रस्तावना त्यांची, पहिला लेख माझा. ज्याच्यासाठी हे सगळं केलं ते समोर आलं होतं. मी बैठकीला गेले.

"सर, माझा लेख खोटा आहे. संग्रहातून काढा."

"साहित्यात तुझा बाप तुझा राहत नाही," सर समजुतीच्या सुरात म्हणाले. "तो समाजाचा प्रतिनिधी होतो."

"तुम्ही वडिलांवर लिहिलंय ना? ते मारायचे?"

"माझे वडील देवमाणूस होते."

"माझेही चांगले आहेत. ते लिहायची मोकळीक तुम्हालाच का?"

सरांचा चेहरा उतरला, मग कडक झाला. "प्रस्तावना विसर आता. जिल्ह्यात तुला कोण छापतं तेही बघू."

मी पर्समधून कागद काढला. लेख मागे घेत असल्याचा अर्ज, खाली सही. लोकांचे इतके अर्ज टाईप केले, स्वतःसाठी हा पहिलाच. टेबलावर ठेवला आणि निघाले. दिवाळी अंकालाही पत्र पाठवलं. उत्तर आलं नाही. तो अंक कुठल्या कुठल्या घरात पडलाय, आणि तिथे माझा बाप आईचं नख तोडतोय. ते मला थांबवता येत नाही.

आबांना सगळं सांगितलं. "बरं," म्हणाले, आणि बाजेवर दुसऱ्या कुशीला वळले. विहारात अजून जात नाहीत.

आता दुकानात कॉलेजच्या दोनतीन पोरी वह्या घेऊन येतात. विचारतात, ताई, कसं लिहायचं? मी काही मोठी लेखिका नाही. सांगते ते इतकंच. रोज लिहा, एक पान का होईना. बघितलेलं लिहा. बाप मारत असेल तर बेधडक लिहा, त्याच्या तोंडावर वाचा, कोणाच्या बापाला भिऊ नका. मारत नसेल तर एकाही सराच्या सांगण्यावरून त्याच्या हातात पट्टा देऊ नका. आणि ज्याच्यावर लिहिलं त्याच्यासमोर ते वाचता येत नसेल, तर आधी स्वतःला विचारा, भीती त्याची वाटते की आपल्या खोट्याची.

मी लिहितेच आहे. लिहून झालं की आबांच्या बाजेजवळ बसून मोठ्यानं वाचते. ते भिंतीकडे तोंड करून पडलेले असतात. ऐकतात की नाही, माहीत नाही. विचारायचा हक्क मी घालवलाय. पुस्तक निघो न निघो, यापुढे माझ्या कागदावर माझा बाप कोणाच्या आवडीसाठी हात उचलणार नाही.