लख्ख पुसलेलं कपाट

महालक्ष्म्यांचं विसर्जन झालं अन् त्याच आठवड्यात आमच्या कपाटातले चांदीचे मुखवटे गायब झाले. कडी-कुलूप शाबूत. दिराचा संशय लगेच मावशींवर. या मावशी करमाडहून येतात, आमच्याकडं धुणी-भांडी करतात. मला असा संताप आला! म्हटलं, "चला पोलिसांत. घेऊ द्या ठसे, होऊन जाऊ द्या एकदाचं." ठसे घेतले की मावशी सुटल्या, अशी माझी खात्रीच होती.

मी अन् दीर तक्रार द्यायला गेलो. पोलीस येणार म्हटल्यावर इकडं सासूबाईंनी काय करावं? घर आवरायला काढलं! परकं माणूस येणार अन् घरात धूळ, हे त्यांना या जन्मात खपायचं नाही. आम्ही परतलो तर पोह्यांचा वास सुटलेला.

ठसेवाल्या साहेबांनी कपाटावर पावडर मारली, मग आम्हा सगळ्यांचेच ठसे मागितले. दीर भडकला, "आमचे कशाला? आम्ही काय चोर आहोत का?"

"घरातले कोणते ते कळलं, तरच बाहेरचे वेगळे काढता येतात," साहेब म्हणाले.

निकाल संध्याकाळपर्यंत येईल असं आम्हाला वाटलेलं, टीव्हीवर येतो तसा. कसला येतोय! कितीतरी दिवस गेले. मावशी खाली मान घालून भांडी घासत राहिल्या.

शेवटी साहेब आले. कपाटावर फक्त मावशींचेच ठसे निघाले होते.

"बघा! म्हणत नव्हतो मी?" दीर म्हणाला.

"ठसा कुणाचा, एवढंच त्यावरून कळतं," साहेब शांतपणे म्हणाले. "कधी उमटला अन् कशासाठी, ते नाही कळत. मला कोडं वेगळंच पडलंय. रोजच्या वापरातलं कपाट, अन् घरातल्या एकाचाही ठसा कसा नाही?"

मावशींनी सासूबाईंकडं पाहिलं. सासूबाईंचा चेहरा उतरला.

"मीच पुसायला लावलं हिला," त्या म्हणाल्या. "तुम्ही येणार होता ना, म्हणून."

एका हातानं दार धरून मावशींनी दुसऱ्या हातानं ते लख्ख पुसलं होतं. दीर मोबाईलमध्ये तोंड घालून बसला.

मुखवटे अजून सापडलेले नाहीत. मावशी मात्र दुसऱ्या दिवशी वेळेवर आल्या. सासूबाईंनी स्वतः केलेला चहाही त्यांनी घेतला. मग घर पुसत पुसत कपाटापाशी आल्या अन् थांबल्या. हातातलं फडकं त्यांनी माझ्यापुढं धरलं.

"ताई, बाकी सगळं करते. ह्या कपाटाला मातर आता मी हात नाय लावणार."