फळीमागचा हात

आमच्या इस्पितळातल्या मोजणीच्या खोलीत सगळ्यात कोरडा आवाज बाईंचा आणि सगळ्यात मऊ हातही त्यांचाच. मुलं त्यांना पाऊलमावशी म्हणत. मी त्यांच्या हाताखालची, म्हणून बाई म्हणायचे.

काम ऐकायला सोपं. मूल पलंगावर निजवायचं, तळहातावर छोटं मशीन धरून ते त्याच्या तळपायाला टेकवायचं आणि म्हणायचं, "ढकल, ढकल, ढकल... सोड." मशीनवर पावलाच्या जोराचा आकडा येतो. तोच पाय आधी बाई मोजणार, मग मी; एकमेकींचा आकडा बघायचा नाही. दोन्ही जुळले तरच ते खरे. लाडात शाबासकी दिली की पोर जास्त जोर लावतं, म्हणून शब्द ठरलेले आणि आवाज सपाट. बाईंना तो छान जमायचा. घरी आवाज चढवायला-उतरवायला होतं कोण? जन्मभर थोरल्या बहिणीबरोबर राहिल्या, ती गेली, आणि आता दोन खोल्या आणि एकटा जीव.

"दिवसभरात मला हात कोण लावतं गं?" एकदा हसत म्हणाल्या. "ही पोरं तेवढी लाथा घालतात."

मीही हसले. मग हसू आवरलं, कारण त्या खरंच सांगत होत्या.

त्या वर्षी आमचे आकडे जुळेनात. गंमत म्हणजे अशक्त पायांच्या मुलांचे तंतोतंत जुळायचे, दणकट मुलांचे मात्र बाईंकडे कमी भरायचे. मोठे डॉक्टर वैतागले. "कुठल्या मुलाला उपचार लागू पडला हे मी कशावरून सांगायचं? असंच राहिलं तर बाईंना कागदपत्रांच्या खोलीत बसवावं लागेल."

त्या खोलीत मुलं नसतात. बाईंचा चेहराच उतरला. मग मशीन बदललं, पलंग बदलला. चोर सोडून संन्याशाला फाशी.

चोर मला दिसला तो भिंगरीमुळे. सात वर्षांची पोर, एका जागी बसेल तर शपथ. पाय बरा होऊन आता भलतीच जोरदार झाली होती. ती ढकलत होती आणि बाईंचा कोपर हळूच मागे सरकत होता. धरणारा हात जिथे हरतो, तिथेच आकडा थांबतो. बाईंचं वय झालं होतं, आणि बहीण गेल्यापासून जेवणही धड नव्हतं.

पाय सोडल्यावर भिंगरीने नेहमीप्रमाणे विचारलं, "लागलं?"

बाई नेहमीप्रमाणे म्हणाल्या, "लागलं हो!" त्यांच्या दिवसातला लाड काय तो एवढाच.

मी त्यांना बाजूला घेऊन सांगितलं. त्यांनी आपला तळहात समोर धरला.

"म्हणजे इतके दिवस मी माझाच जोर मोजत होते," म्हणाल्या.

सुताराने पलंगाच्या पायथ्याला जाड फळी ठोकली आणि मशीन तिच्यावर बसवलं. आकडे जुळले, डॉक्टर खूश, बाईंची बदली टळली. सगळं झकास. फक्त भिंगरी आली आणि फळी बघून पाय आखडून बसली.

"मावशी, तुझा हात कुठंय? मी लाकडाला कशाला ढकलू?"

तरी ढकललं, पण आपलं नावाला. आकडा पार तळाला. बाईंनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि फळीमागे तळहात टेकवला.

"हा बघ इथे. ढकल, ढकल, ढकल..."

पोरीने असा रेटा दिला की तोंड लालबुंद झालं. "लागलं?"

"लागलं तर! मोडलास की माझा हात."

एकीने जसं मोजलं तसंच दुसरीने मोजायचं, हा आमचा नियम. भिंगरीला पाणी दिलं, थोडं बसवलं, मग मीही फळीमागे हात ठेवला. तिने दातओठ खाऊन ढकललं. पलीकडे मशीनवर आकडा चढत होता. माझ्या तळहाताला गार लाकूड लागत होतं, बस्स. फळी जागची हलली नाही. पोरीचा जोर माझ्यापर्यंत पोचलाच नाही.

मी बाईंकडे पाहिलं. त्या वाकून माझ्या कानाशी आल्या.

"विचारलं तर लागलं म्हणायचं हं."