म्हैस मात्र छान आली

"चेहरा पांढराच सोडायचा असतो, बाई." जालन्यातल्या त्या संपादकांनी हे मला इतक्या प्रेमाने सांगितलं होतं, की आज आठवलं तरी तळपायाची आग मस्तकात जाते. स्वतःच्या छापखान्याच्या पुढच्या खोलीत टेबल टाकून ते मुलांचं मासिक चालवायचे. मी शाळेत चित्रकला शिकवायचे आणि त्यांच्या मासिकात चित्रकथा काढायचे. चौकोनाचौकोनांतून पुढे सरकणारी गोष्ट, माणसांच्या तोंडाशी बोलण्याचे फुगे. अंक आला की पोरं आधी तीच पानं उघडायची.

चेहरा पांढरा का सोडायचा, तर म्हणे छपाई. आता छपाईचं रडगाणं मला काही नवीन नव्हतं. सत्तरच्या दशकात आमच्याकडे चित्र छापायचं म्हणजे आधी औरंगाबादला पाठवून त्याचा जस्ताचा ब्लॉक करून आणायचा. चित्रात जिथे काळं, तिथे जस्त उंच राहतं. जिथे पांढरं, तिथे तेजाब ते खाऊन टाकतं. उंच भागाला शाई लागते आणि तेवढंच कागदावर उठतं. या ब्लॉकला करडा रंग म्हणून काही ठाऊकच नसतो. काळं नाहीतर पांढरं, मधलं काही नाही. त्यात मासिकाचा कागद असा खरबरीत आणि शाई पिणारा, की बारीक रेघा जवळजवळ काढल्या तर मधल्या फटी भरून जायच्या आणि नुसता डाग उठायचा.

हे सगळं खरं. पण मजा बघा, त्या काळातल्या चित्रकथांत राजा गोरा, राणी गोरी, देव गोरे, शाळेतली हुशार पोरं गोरी. काळ्या रेघांनी भरलेले असायचे ते राक्षस, दरोडेखोर आणि जंगलातली माणसं. त्यांच्या वेळी मात्र छपाई कुणाला आडवी येत नव्हती. माझ्या हे ध्यानात यायला वेळ लागला, कारण आईचं चित्र काढेपर्यंत मलाही पांढरे चेहरे सोडायची सवयच लागली होती.

माझी आई काळी होती. सावळी-बिवळी म्हणू नका, सावळी हा लोकांनी लाजून काढलेला शब्द आहे. ती काळी होती आणि देखणी होती. गालाची हाडं उंच, कपाळ रुंद. उन्हात उभी राहिली की गालावर आणि नाकाच्या दांडीवर अशी चकाकी यायची की बघत राहावं. डाव्या हाताचा अंगठा मात्र वाकडा होता. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडताना त्याच्यावर हातोडा बसला होता.

चित्रकथा त्याच दुष्काळातली होती. आमच्या गावाकडे, धावड्याच्या रस्त्याच्या कामावर आई खडी फोडायला जायची. तिथे पिण्याच्या पाण्याचे दोन रांजण होते, एक सगळ्यांचा आणि एक आमच्या लोकांचा. आम्ही बौद्ध होऊन कितीतरी वर्षं झाली होती, पण रांजण काही बदलला नव्हता. एके दिवशी आमचा रांजण तडकला आणि रिकामा झाला. मुकादम म्हणाला, संध्याकाळी टँकर येईल तोवर थांबा. आईने हातोडा खाली ठेवला. "पाणी न्हाई तर खडी न्हाई," म्हणाली आणि जागेवर बसली. तिच्या मागे आमच्या बाया बसल्या. मग दुष्काळाने त्याच खडीवर आणून बसवलेल्या शेतकऱ्यांच्या बायाही एकेक करून हातोडे ठेवायला लागल्या. दुपार कलायच्या आत मुकादम हात जोडून म्हणाला, प्या बायांनो, कुठलंही प्या. त्या दिवसापासून कामावर एकच रांजण राहिला.

मी ही गोष्ट सांगितली तेव्हा संपादकांचे डोळे पाणावले. "व्वा! पोरांपर्यंत असंच काहीतरी गेलं पाहिजे, बाई," म्हणाले. मीही हुरळले. घरी आल्यावर आईला सांगितलं, तर ती आधी हसली आणि मग एकदम गंभीर झाली.

"छापून येणार? माझ्या तोंडासकट?"

"तोंडासकट."

"मंग बराबर काढ, माय. गोरी-बिरी करू नको मला. बाया हसतील." आणि लगेच एस.टी.ने धावड्याला जाऊन कामावरच्या एकूण एक बाईला सांगून आली, की पुस्तकात आपलं येऊन राह्यलंय, मी तुम्हाला समद्यांना एकेक आणून देते. तिला अक्षर वाचता येत नव्हतं. तिच्यासाठी छापून येणं म्हणजे तोंड छापून येणं.

पहिल्यांदा मी टाकाने काढलं. बारीक निब, काळी शाई, आणि चेहऱ्यावर आडव्या-उभ्या रेघांची नाजूक जाळी. कागदावर आई हुबेहूब उतरली. एका चौकोनाचा नमुन्याला ब्लॉक करून छापला, तर चेहऱ्याच्या जागी पोळी करपावी तसा गोळा. डोळे कुठे, नाक कुठे, काही पत्ता नाही. तेव्हाच संपादक ते वाक्य बोलले. चेहरा पांढराच सोडायचा असतो, बाई.

मी म्हटलं, सर, मला थोडे दिवस द्या. घरी येऊन मासिकाचे जुने अंक काढले, भिंग घेतलं आणि प्रत्येक चित्रात कुठली फट उघडी राहिली आणि कुठली भरली ते बघत बसले. बारीक फटी सगळ्या मेल्या होत्या. रुंद पांढरा पट्टा मात्र कितीही वाईट छपाईत टिकला होता. शिवाय मूळ चित्र मोठं काढतात आणि ब्लॉक करताना ते लहान होतं, म्हणजे तिथेही फटी आवळतात. मग माझ्या टाळक्यात प्रकाश पडला. काळ्या चेहऱ्याला रेघा हव्यातच कशाला? रेघांनी मी उजेडातून अंधार काढायला निघाले होते. आईचं उलटं होतं. अंधार होताच, त्यावर उजेड ठेवायचा होता.

टाक बाजूला ठेवला आणि खारीच्या केसांचा ब्रश घेतला. चेहरा सरळ काळ्या शाईने भरला. गालाच्या हाडावर, नाकाच्या दांडीवर, कपाळावर आणि खालच्या ओठावर चकाकीचे रुंद पांढरे आकार सोडले. डोळ्यांचं पांढरं मोठं ठेवलं. हातही तसेच, वाकड्या अंगठ्यासकट. मला तर वाटतं टाकाने काढलेल्या चित्रापेक्षा हे शंभर पटीने चांगलं झालं होतं. त्या दळभद्री कागदाने आणि त्या मशीनने मला ते शिकवलं, हे मी नाकारत नाही. वाईट छपाईवर माझा राग नाहीच. ती निदान सगळ्यांशी सारखीच वाईट वागते.

चित्रं गेली, ब्लॉक झाले. औरंगाबादहून गुळगुळीत कागदावर काढलेला नमुना आला, तो संपादकांच्या टेबलावर मी माझ्या डोळ्यांनी पाहिला. आई उन्हात उभी राहायची तशीच त्यात उभी होती. एकही फट भरली नव्हती. मी घरी येऊन म्हटलं, आई, जमलं. तिने त्या दिवशी मला शेंगदाण्याची पोळी करून घातली.

अंक शाळेत आला. मी पान उघडलं आणि डोकं असं सणकलं की वर्ग सोडून बाहेर आले. प्रत्येक चौकोनात एक गोरीपान बाई खडी फोडत होती. चेहऱ्याच्या कडेची रेघ, डोळे आणि ओठ तेवढे ठेवून बाकीचं जस्त छिन्नीने खरवडून काढलं होतं. हातांकडे कुणाचं लक्षच गेलं नव्हतं, त्यामुळे हात काळेच होते. कुणाच्या तरी धडावर कुणाचं तरी मुंडकं.

तशीच छापखान्यात गेले. संपादक हसून म्हणाले, "या बाई, अंक काय झकास निघालाय!"

"चेहरा कुणी खरवडला?"

"अहो, ते होय? मीच साफ करून घ्यायला सांगितलं. काळा भाग एवढा मोठा असला की छपाईत घाण येते. तुम्हाला कल्पना नाही."

मला कल्पना नाही! मी अंक त्यांच्यापुढे आपटला. पहिल्याच चौकोनात रस्त्याकडेला मी एक म्हैस काढली होती. तिलाही ब्रशनेच, तशीच, काळी भरून पाठीवर पांढरी चकाकी सोडलेली. आईच्या चेहऱ्याहून चौपट मोठा काळा भाग. एक डाग नाही, एक फट भरलेली नाही. अगदी तुकतुकीत.

"ही कशी आली मग?"

"म्हैस मात्र छान आली," ते म्हणाले. खरंच म्हणाले हो! कौतुकाने.

"सर, तुमच्या मशीनला काळी म्हैस छापता येते. मग माझी आई छापताना काय धाड भरली होती तिला?"

संपादक चष्मा पुसायला लागले. मग आवाज खाली आणून, समजूत घातल्यासारखे म्हणाले, "बाई, गोष्ट तीच राहिली ना? मुलांचं मासिक आहे. नायिका मुलांना बघवली पाहिजे."

बघवली पाहिजे. झालं, एवढंच होतं ते. कागद नाही, शाई नाही, जस्त नाही. इतके दिवस मी भिंग लावून ज्याच्याशी झगडत होते, तो छपाईचा दोष नव्हताच. माझी आई त्यांना रांजणाजवळ चालत होती, गोष्टीत चालत होती, डोळे पाणावायला चालत होती. फक्त दिसायला नको होती.

मी त्यांना काय काय बोलले ते इथे लिहीत नाही, पण आतली माणसं काम थांबवून दारात आली होती. मूळ चित्रं त्यांच्या कपाटात होती. ती मी उचलली. "अहो, ती मासिकाची मालमत्ता आहे," ते म्हणाले. मी म्हटलं, अडवून बघा. त्यांनी अडवलं नाही. त्यांच्या मासिकात मी पुन्हा रेघ ओढली नाही.

घरी आई दारातच उभी होती. अंक आल्याचं तिला कळलं होतं. लपवायचं कसं? शेवटच्या पानावर एकच मोठा चौकोन होता, आई रांजणाजवळ उभी; ते पान मी तिच्या हातात दिलं. तिने ते उजेडाला धरलं, डोळ्यांजवळ नेलं, लांब केलं.

"हात माझेच हायेत," ती म्हणाली. "ह्यो अंगठा माझा. तोंड कुणाचं लावलं गं?"

मला रडू फुटलं. रागाचं रडू, दुसरं कसलं नाही. मी मूळ चित्र काढून तिच्यापुढे ठेवलं. ते तिने कितीतरी वेळ बघितलं. चकाकीच्या पांढऱ्या आकारावरून बोट फिरवलं आणि मग स्वतःच्या गालावरून फिरवलं.

"ही मी," म्हणाली. "बिलकुल मी. अशा किती हायेत?"

"ही एकच."

"आन् ती गोरी?"

"ती गावोगाव गेली, आई."

मी म्हटलं, जाऊ दे, आता धावड्याला काही नेऊ नको, मी हेच चित्र तुला काचेत लावून देते. तर तिने मूळ चित्र माझ्याकडे परत सरकवलं. "काचेतलं घरात राह्यतं. म्या बायांना कबूल केलंय," म्हणाली. मग बायांना द्यायला मी मागवून आणलेला अंकांचा गठ्ठा पुढे ओढला आणि एकेका अंकातलं ते पान गळ्यापाशी दुमडायला लागली. तोंड मागे, हात पुढे. नखाने घडी दाबून दाबून पक्की केली. मी मदतीला हात घातला, तर तिने तो बाजूला केला.

दुसऱ्या दिवशी ती धावड्याला जाऊन आली. मी शाळेतून आले तेव्हा पाय धूत होती.

"वळखलं का बायांनी?"

"वळखलं की. अंगठा बघून समद्या हसल्या. रांजण पण वळखला."

"आणि तोंडाचं कुणी विचारलं नाही?"

"विचारलं." तिने तांब्या खाली ठेवला. "म्हणलं, ते छापखान्यात राह्यलं. त्याहिले पाणी चालतंय आता, तोंड चालत न्हाई अजून."