दुसरा बिंदू घेतला म्हणून

मुलीच्या अकरावीच्या गणिताच्या पेपरात लाल फुली दिसली आणि मी आधी तिच्यावरच ओरडले. चाळीसपैकी सतरा. विसाच्या खाली असलेल्यांनी गणित सोडून दुसरा विषय घ्यावा, असा शाळेचा निरोप पालकांच्या ग्रुपवर आला होता. तिला आर्किटेक्ट व्हायचंय. गणित गेलं की तेही गेलं.

प्रश्न चार गुणांचा होता: (२, ३) आणि (५, ९) या बिंदूंतून जाणाऱ्या रेषेचं समीकरण काढा.

"एवढं येत नाही तुला?"

"येतं यार, आई! बरोबर लिहिलंय मी."

"बरोबर असतं तर फुली कशाला मारतील?"

ती उठून बाल्कनीत गेली. मी कणीक मळली, हात धुतले आणि मगच पेपर नीट वाचला. चढ दोन, बरोबर. पुढे पहिल्याऐवजी दुसरा बिंदू घेऊन तिनं y − ९ = २(x − ५) लिहिलं होतं. मी त्यात पहिला बिंदू घालून पाहिला. दोन्ही बाजूंना उणे सहा. रेषा तीच.

हे तर माझं रोजचं काम. लक्ष्मीबाई नगरसारख्या सरकारी वसाहतींतल्या गटारांचे उतार मी काढते. दोन मॅनहोलची पातळी कळली की मधल्या प्रत्येक ठिकाणची खोली निघते. हिशोब कुठल्याही टोकापासून सुरू करा, गटार तेच राहतं.

शनिवारी पालकसभेत पेपर गणिताच्या बाईंपुढे ठेवला. त्या म्हणाल्या,

"मॅम, आन्सर की में y − ३ है। क्लास में भी पहला पॉइंट ही लेना सिखाया था।"

"दूसरा पॉइंट लाइन पर नहीं है क्या?"

"देखिए, एक सौ साठ कॉपियाँ जाँचनी होती हैं।"

"इसीलिए बिना पढ़े काट दिया?"

मी पेपरामागे दोन्ही समीकरणं सोडवली. दोन्हींचं y = २x − १. मुलगी माझी बाही ओढत होती. बाईंनी सतराचे एकवीस केले.

"और बाकी बच्चे?"

"जो आएँगे, उनका देख लेंगे।"

जो आएँगे! ज्यांच्या घरी हे तपासणारं कुणी नाही, ती मुलं गणित सोडणार आणि जन्मभर म्हणणार, आम्हाला जमत नव्हतं.

ऑटोत बसल्यावर मुलगी म्हणाली, "बाईंना सुनावलंस, अच्छा केलंस. पण तू पण आधी फुलीच बघितलीस ना?"

"हो, बघितली. चुकलं माझं."

सरोजिनी नगरचा सिग्नल लागला होता. मी पेपराच्या मागच्या बाजूचा फोटो काढला आणि पालकांच्या ग्रुपवर टाकला: 'y − ९ लिहून फुली मिळाली असेल, तर सोमवारी पेपर घेऊन शाळेत या. मी येतेय.'