दाबा, धरा, सोडा

"चल, आत शीर," गाडीखाली पुठ्ठा सरकवत अप्पा म्हणाले. जणू काही मी दर शनिवारी चहा पिऊन गाडीखालीच जाते. आठवडाभर ऑफिसात दुसऱ्यांच्या प्रोग्राममधल्या चुका शोधायच्या, हे माझं पोटापाण्याचं काम. त्या शनिवारी मला कुणाचीही कसलीही चूक शोधायची नव्हती. मला झोपायचं होतं. पण घरात आम्ही दोघंच. आई गेल्यापासून अप्पांचं जे काही निघतं ते माझ्या वाट्याला येतं आणि पुण्याच्या भावाकडून फोनवर सल्ला येतो. या वेळचा सल्ला होता, "ती गाडी भंगारात घाल." त्याचं म्हणणं मला इतकं मनापासून पटण्याची ती पहिलीच वेळ.

गाडी जुनी. एकेकाळी पांढरी होती, आता रंग चहाकडे झुकलाय. अप्पा तिच्यातून दर रविवारी एकटे विमानतळापलीकडच्या देवनहळ्ळीला जायचे. तिथे त्यांची थोरली बहीण राहते, माझी आत्या. तिला फोनवर काही ऐकू येत नाही. सून कन्नड, नातवंडं कन्नड आणि इंग्रजी बोलणारी. निपाणीकडचं मराठी तिच्याशी बोलणारं माणूस जगात आता एकच उरलंय आणि ते रविवारी येतं. त्या दिवशी ती सकाळीच अंघोळ उरकून फाटकाजवळ खुर्ची टाकून बसते. अप्पा पोचले की गावातल्या कुठल्या म्हशीनं कुणाला शिंगावर घेतलं होतं यावर दोघं तासभर भांडतात, मग जेवतात, मग अप्पा परत निघतात.

हे सगळं गोड आहे, कबूल. पण सत्तरी ओलांडलेला माणूस विमानतळाच्या रस्त्यावर एकटा, दोन्ही बाजूंनी ट्रक आणि कॅबवाले घुसतायत, आणि मी घरी भाजी चिरता चिरता घड्याळ बघतेय, यातला गोडवा मला कधी सापडला नाही. कॅबनं जा म्हटलं तर उत्तर ठरलेलं. "भाड्याच्या गाडीत मागं बसून बहिणीकडं जाऊ? आजारी पडलो काय मी?" एकदोनदा मीच सोडायला गेले, तर वाटभर माझ्या गिअर बदलण्यावर शेरे. परत आल्यावर माझं डोकं दुखत होतं आणि सोमवार समोर उभा होता.

मग एका रविवारी त्याच रस्त्यावर हेब्बाळच्या अलीकडे ब्रेक लागला नाही आणि गाडी पुढच्या टेम्पोला टेकली. स्वल्पच टेकली, असं अप्पांचं म्हणणं. घरी आल्यावर मागच्या डाव्या चाकाजवळ ओल दिसली. अप्पांनी बोट लावून वास घेतला. "ब्रेक ऑइल. पाइप सडला बघ." त्यांच्या चेहऱ्यावर चक्क समाधान होतं. दोष सापडला होता आणि तो त्यांचा नव्हता.

त्याच संध्याकाळी त्यांनी मला बांधून घेतलं. "ब्रेक नीट झाले की मी जाणार. मग तू तोंड उघडायचं नाहीस." भांडून भांडून मी इतकी थकले होते की "सरी" म्हणून मान्य करून टाकलं. म्हणजे आता पाना मी फिरवायचा, आणि तो जितका नीट फिरेल तितके अप्पा लवकर रस्त्यावर. आपल्या हातानं आपल्याच पायावर धोंडा म्हणतात तो हाच.

गॅरेजवाल्यानं हात वर केले. जे. सी. रोडवरच्या दुकानदारानं मान हलवली, "ईग बरल्ला सार." म्हणजे या गाडीचे तयार पाइप आता येतच नाहीत. अप्पांना तेच हवं होतं. आयुष्य कारखान्यात काढलेला माणूस. त्यांनी साधा पाइप आणि नट आणले, जुन्या पाइपाला समोर ठेवून घरीच तसाच वाकवला, टोकं साच्यात धरून फुलवली. सोयाबीनचं तेल बदललं तरी कुरकुरणारा हा माणूस त्या आठवड्यात जे पानात पडेल ते मुकाट्यानं खात होता. आत्या तिकडे दोन रविवार खुर्चीत बसून राहिली होती. तिची सून फोन करून सांगायची, "मामा, सासूबाई संध्याकाळपर्यंत खुर्चीतून उठतच नाहीत." त्यामुळे घाई होती.

खाली गेल्यावर पहिली अर्धी सकाळ गंज खाण्यातच गेली. डोळ्यात गंज, केसात गंज, तोंडातही. सुंभ जळतो पण पीळ जळत नाही म्हणतात. इथे पाइप सडला होता, पण नट म्हणून हलत नव्हता. अप्पा बाहेर खुर्चीवर बसून सूचना देत होते आणि त्यांच्या चपला माझ्या नाकासमोर होत्या. शेवटी तो नट करकरत सुटला, नवा पाइप बसला, आणि मी पुठ्ठ्यावर तशीच पडून राहिले. वर गाडीचं पोट, खाली थंड फरशी. खरं सांगायचं तर त्या आठवड्यात मला मिळालेली ती सगळ्यात शांत जागा होती.

पण खरं काम पुढेच होतं. नव्या पाइपात हवा राहते. हवा दबते, ऑइल दबत नाही. आत हवा असली तर पेडल दाबूनही चाक थांबत नाही. म्हणून एकानं वर बसून पेडल दाबून धरायचं, दुसऱ्यानं खाली चाकामागचं छोटं निपल सैल करायचं. त्याला लावलेल्या नळीतून बुडबुडे बाहेर आले की निपल आवळायचं, आणि मगच वरच्यानं पाय उचलायचा. हे दोघांचंच काम आहे. आजवर खाली अप्पा असायचे आणि वर मी. "दाब, धर, सोड," एवढ्या तीन शब्दांत आमचं तासभर भागायचं. आता त्यांची कंबर वाकत नाही, म्हणून पहिल्यांदाच उलटं झालं होतं.

अप्पांनी चपला बाहेर काढल्या आणि आत बसले. ते गाडी अनवाणीच चालवतात. आयुधपूजेला जिला हार घालून कुंकू लावतो, जिच्या चाकाखाली लिंबू ठेवतो, तिच्यात चपला घालून पाय ठेवायचा नाही, हा आमच्या घरचा नियम आहे. मीसुद्धा तसंच शिकले.

"दाबा, अप्पा."

"दाबलं."

"धरा." निपल सैल केलं. नळीतून फसफसत बुडबुडे आले. "सोडा."

चारपाच वेळा छान झालं. मग अप्पांना लघवीला जायचं होतं, मग चहा झाला, मग परत बसलो. आणि आता काही केल्या काही येईना. मी दाबा म्हणायचे, ते दाबलं म्हणायचे, मी निपल उघडायचे, आणि नळीत नुसते सुस्त थेंब. जोर म्हणून नाही.

"नीट दाबताय ना?"

"दगडासारखं लागतंय. खाली जातच नाही." आणि मग कारखान्यातल्या आवाजात निकाल आला, "पाइप चोक झालाय. काढ."

पेडल दगडासारखं लागत असेल तर वाटेत कुठेतरी अडलंय, हे मलाही पटलं. नवा पाइप काढला. फुंकून पाहिला, आरपार मोकळा. परत बसवला. परत थेंब. परत "दगड." मग रबरी होज काढून पाहिला. तोही मोकळा. कोपरापर्यंत हात ऑइलनं माखलेले, मान आखडलेली, आणि बाहेर अप्पांचं चालूच, "नट तिरका बसवला असशील. स्वल्प लक्ष दे की." दुखणं म्हशीला अन् इंजेक्शन पखालीला, तसं आमचं चाललं होतं, फक्त म्हैस कोण ते अजून आम्हाला कळलेलं नव्हतं.

तिसऱ्यांदा दगड ऐकल्यावर माझं डोकं फिरलं. म्हटलं, आता मीच पाहते कसा दगड आहे तो. गाडीखालून निघाले आणि फेरी मारून त्यांच्या दाराशी आले. दार वाऱ्यासाठी उघडंच होतं.

अप्पा दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून समोरच्या भिंतीकडे बघत होते. दात आवळलेले, मानेची शीर फुगलेली. सगळा जोर उजव्या पायात. आणि तो पाय पेडलवर नव्हता. ब्रेक आणि अ‍ॅक्सिलरेटरच्या मधे, खालच्या पत्र्यावर होता.

"धरलंय," मला बघून ते म्हणाले. "बघ, हलतंय काय?"

मी खाली बसले. "अप्पा, पाय कुठंय?"

"पेडलवर. आणि कुठं असणार?"

मी त्यांचा पाय हातात घेतला. थंड होता. अंगठा दाबला. मग चिमटा काढला, चांगला जोरात. वर अप्पा भिंतीकडे बघतच सांगत होते, "पाना एका नंबरनं मोठा घेतलायस तू, म्हणून नट सरकायला लागलाय." बोलता बोलता त्यांचं लक्ष माझ्या डोक्याकडे गेलं. "काय करायलीस खाली?" आणि त्यांना माझ्या हातातला स्वतःचा पाय दिसला.

ते पायाकडे बघत राहिले. रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

"कधीपासून?" मी विचारलं.

"दुखत नाही."

"कधीपासून विचारतेय मी."

"दुखत नाही, मग सांगायचं काय?" मग परत भिंतीकडे बघत, "साखरेनं होतं म्हणतात."

"आणि मग चालवता कसे?"

"बघतो की मधून मधून. खाली. पाय कुठं आहे ते."

मला भयंकर राग आला. दर रविवारी ट्रकांच्या मधून जाताना हा माणूस रस्ता सोडून स्वतःचे पाय बघत होता. आणि मी घरी बसून ट्रकांना घाबरत होते. राग ओसरला तेव्हा त्याखाली दुसरं काही नव्हतं, नुसती भीती होती, आणि त्या भीतीनं मी दारात बसल्या जागी रडले. अप्पांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला नाही. त्यांचे हात स्टिअरिंगवरच होते.

"हेब्बाळला पाइपच सडला होता," ते म्हणाले. "तू स्वतः बघितलायस."

"बघितलाय," मी म्हटलं. ते खरंच होतं. पाइप सडलाच होता.

मी नाक पुसलं आणि पाने गोळा करायला लागले. म्हटलं, सोमवारी कुणाला तरी बोलावू, ढकलून नेतील गॅरेजला. तर अप्पा दाराची चौकट धरून खाली उतरले. कोपऱ्यातलं पोतं ओढून दाराशी टाकलं. त्यावर बसायला त्यांना इतका वेळ लागला की मी दोनदा पुढे झाले आणि दोन्ही वेळा त्यांनी मला हातानंच थांबवलं. मग ते अर्धे आत वाकले, कंबर दुखल्याचा आवाज घशातच गिळला, आणि दोन्ही तळवे एकमेकांवर ठेवून ब्रेकच्या पेडलवर टेकवले.

"काम अर्धं टाकू नये," ते म्हणाले. "हाताला कळतं अजून. जा खाली."

मी गेले. "दाबा."

"दाबलं." त्यांचा श्वास मला तिथवर ऐकू येत होता.

"धरा." निपल उघडलं आणि नळीत जोरात बुडबुडे आले, मागोमाग ऑइल. "सोडा."

डावं चाक झालं, उजवं झालं. मधे मधे ते थांबायचे, मी काही विचारायचे नाही. शेवटी नळीत स्वच्छ ऑइल यायला लागलं, एकही बुडबुडा नाही. मी वर येऊन पेडल दाबून पाहिलं. पाव अंतर गेलं आणि घट्ट थांबलं. इतका चांगला ब्रेक त्या गाडीला मी कधीच पाहिला नव्हता.

अप्पांना उठवायला या वेळी मी हात दिला आणि त्यांनी तो घेतला. ते बादलीतल्या पाण्यानं हात धूत राहिले, ऑइल निघून गेल्यावरही. मग म्हणाले, "उद्या रविवार."

"हो. मी सोडते तुम्हाला."

"उद्या."

"उद्या."

त्यांनी पंच्यानं एकेक बोट पुसलं. माझ्याकडे न बघता विचारलं, "आणि दर रविवारी?"

मला लगेच हो म्हणायचं होतं. पण सगळे रविवार एकदम डोळ्यांसमोर आले, तो रस्ता, ती परतीची डोकेदुखी, दुसऱ्या दिवशीचा सोमवार, आणि हो म्हणायला मला वेळ लागला. मी हो म्हणाले तोवर त्यांनी गाडीची चावी माझ्या तळव्यावर ठेवली होती आणि जिना चढायला लागले होते, कठडा धरून, प्रत्येक पायरीवर आपला पाय नीट पडलाय ना हे वाकून बघत.