उरलेली कौलं

महाडची बाजारपेठ पुन्हा उघडली, एक दिवस या हाताची दुकानं आणि दुसऱ्या दिवशी त्या हाताची. त्याच आठवड्यात माझा चुलत भाऊ माझ्या अंगणात येऊन उभा राहिला. तोंडाला टॉवेल गुंडाळलेला. गळ्यात शिट्टी नव्हती. मी पहिलं तेच बघितलं.

"दादा, कौलं आणलीत," तो म्हणाला. "टेंपो खाली उभा हाय."

"मग उतरून घे."

"ते घेतो. पण बसवणार कोण?"

मी कोयत्याला धार लावत होतो, ती लावत राहिलो. वाडीत कौलं बसवणारा मी एकटाच उरलोय हे त्याला ठाऊक होतं आणि मलाही. जूनच्या तोंडाला वादळ आलं, त्याने वाडीतल्या एका घराचं छप्पर धड ठेवलं नाही. याच्या घराची तर पश्चिमेकडची सगळी बाजू उघडी पडली होती. वर निळी ताडपत्री फडफडायची. मी येता-जाता ती बघायचो आणि मला बरं वाटायचं. खोटं कशाला सांगू?

"नंबर लागंल तेव्हा येईन," मी म्हणालो.

"नंबर? मी भाऊ ना तुझा?"

"म्हणून तर शेवटचा."

आमची वाडी वरंधच्या वरच्या अंगाला. वीस-बावीस घरं, निम्म्या घरांची माणसं मुंबईला. मी शाळेत गेलो चौथीपर्यंत, पुढचं जे काय शिकलो ते छपरावर. भातशेती आहे, पण पोट भरलं कौलांनी. आणि कौलांचं काम एकट्याचं नव्हे. वर मी असायचो, खाली बायको. ती खालून कौल फेकायची, मी वरून झेलायचो. चाळीस वर्षं. फेकताना "घ्या" म्हणायची, एवढंच. तो "घ्या" कानावर आला की माझा हात आपोआप पुढे व्हायचा, बघावं लागायचं नाही. तिचं कौल हातात येताना जड लागायचं नाही, कारण जिथे त्याचा वेग संपतो नेमकं तिथेच माझा हात असायचा. लग्नानंतर पहिल्या वर्षी तिने तीन कौलं फोडली होती. त्यानंतर एकही नाही.

ती वैशाखात गेली. करोनाची बंदी चालू होती तेव्हा.

कशी गेली ते एकदाच सांगतो. सकाळी भाकऱ्या थापताना तिच्या छातीत कळ आली. घामाने चिंब झाली, डावा हात उचलेना. मी खालच्या गावातल्या जीपवाल्याला फोन केला. तो बिचारा लगेच आला, पण वाडीच्या तोंडाशी बांबू आडवा होता. बांबूपाशी माझा चुलत भाऊ, गळ्यात शिट्टी घालून. वाडीने नेमलेल्या समितीचा माणूस होता तो. बाहेरची गाडी आत घ्यायची नाही आणि आतला माणूस चिठ्ठीशिवाय बाहेर सोडायचा नाही, असा त्यांचा ठराव. चिठ्ठीवर शिक्का लागायचा आणि शिक्का ज्याच्याकडे तो गेला होता रानात लाकडं आणायला.

मी तिला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून, शेजाऱ्याच्या हातभाराने बांबूपर्यंत आणली. जीप तिथून वीस पावलांवर उभी. मी म्हणालो, "अरे, वहिनी हाय तुझी. तिला ताप नाय, खोकला नाय. बघ की."

तो म्हणाला, "दादा, मी बघून काय करू? नियम हाय. थांबा जरा."

दोन तास थांबलो. ऊन डोक्यावर आलं. तिने पाणी मागितलं. त्याने बाटली जमिनीवर ठेवली, चार पावलं मागे झाला आणि काठीने ती बाटली आमच्याकडे ढकलली. तिने ते पाहिलं. मला म्हणाली, "नको मला." ते तिचं शेवटचं नीट बोलणं. शिक्का आला, चिठ्ठी झाली, जीप निघाली आणि महाड यायच्या आत ती माझ्या मांडीवर गेली. डॉक्टर म्हणाले, हृदयाचं दुखणं होतं, तासभर आधी आणायला हवं होतं. त्यांना काय बोलणार?

तिला परत वाडीत घेऊ दिली नाही. नदीकाठी खालीच जाळली, मी, जीपवाला आणि त्याचा भाऊ. मुलगी दासगावात दिलेली, एकाच तालुक्यात, तरी तिला पोचता आलं नाही.

तर असा माणूस मला विचारत होता, कौलं बसवणार कोण.

मी आधी बाकीच्यांची घरं धरली. गाड्या सुरू झाल्या होत्या, एका बाकावर एक माणूस. एकदा खिळे आणायला महाडला गेलो तर दुकानाच्या दारात पोराने कपाळावर ते पिस्तुलासारखं यंत्र धरलं. म्हणाला, "बाबा, नॉर्मल." मी म्हटलं, बरं. माणसं पुन्हा एकमेकांच्या ओट्यावर बसू लागली होती, चहा पिऊ लागली होती, जणू मधले दिवस कुणी झाडून उकिरड्यावर टाकले. मुंबईहून आलेली पोरं मला खालून कौलं द्यायची. दर दहात एक फोडायची. "काका, कॅच," म्हणायची. मी कुणाला ओरडलो नाही. वाडीतली सगळी घरं झाली. फक्त निळी ताडपत्री उरली.

आता मापाचं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. कौल रिपेवर टेकतं. रीप म्हणजे वाशांवर आडवी ठोकलेली पट्टी. दोन रिपांमधलं अंतर नेमकं असलं की वरचं कौल खालच्या कौलावर पुरेसं चढतं आणि पाणी आत शिरत नाही. त्या अंतरासाठी माझ्याकडे वडलांच्या वेळची सागाची काठी आहे. बायको तिला पावसाळ्याआधी तेल लावून दाराआड उभी करायची. भावाच्या घरी जायच्या आदल्या दिवशी मी नवी काठी कापली. बोटभर लांब.

बोटभर अंतर वाढलं तर खालून दिसत नाही, वरूनही दिसत नाही. साध्या सरीत गळतही नाही. पण आमच्याकडचा पाऊस वाऱ्याबरोबर पश्चिमेकडून आडवा येतो आणि तेव्हा तो बोटभर जागा शोधून काढतो.

कौलं द्यायला मी त्यालाच उभं केलं. त्याची बायकापोरं मुंबईत अडकलेली, घरात तो आणि त्याची म्हातारी आई, माझी काकी. "दुसरा माणूस घेऊ का?" त्याने विचारलं.

"घे की. चिठ्ठी हाय का त्याच्याकडे?"

त्याने मान खाली घातली आणि कौल उचललं. तीन दिवस मी त्याला राबवला. त्याला फेकता यायचं नाही. कौल एकदा माझ्या पायापाशी यायचं, एकदा डोक्यावरून जायचं. प्यायला पाणी मागायला लागला की मी म्हणायचो, "थांब जरा." मी ते शब्द मुद्दाम त्याच्याच आवाजात म्हणायचो. त्याला ते कळायचं. तो थांबायचा.

पश्चिमेकडच्या बाजूला सोळा ओळी लागायच्या. नव्या काठीने पंधरातच छपराच्या माथ्यावरचं आढं गाठलं. एक ओळ वाचली, पन्नासएक कौलं. त्याने ती भिंतीला लावून नीट रचली आणि खूश झाला. "दादा, हिशोबाबाहेर उरली की. तुझ्या हातात बरकत हाय."

काकी ओट्यावर बसली होती. सत्तरीपुढची बाई, पण जवानीत माझ्या वडलांच्या हाताखाली तिनेही कौलं फेकलेली. मी शिडीवरून उतरलो तेव्हा ती त्या ढिगाकडे बघत होती.

"कौलं उरली रे," ती म्हणाली.

"उरतात कधी कधी."

"तुझ्या हातची नव्हती उरली कधी."

मी तिच्याकडे बघितलं नाही. तिने पदराने डोळे पुसले की चष्मा पुसला ते मला कळलं नाही. मी शिडी खांद्यावर टाकली आणि घरी आलो.

मग पाऊस लागला. खरा, आडवा. मी दाराशी बसून वाट बघू लागलो. तो येईल, पायऱ्यांशी उभा राहील, म्हणेल, "दादा, घर गळतंय," आणि मी म्हणेन, "नियम हाय. सकाळी शिक्कावाला आला की बघू." हे वाक्य मी भात लावताना, जेवताना, चुलीपुढे बसून मनात घोळवलं होतं. आठवडा गेला. दोन गेले. तो आला नाही. रस्त्यात दिसला तर राम राम घालायचा. माझं डोकं फिरायचं. एवढं करून त्याला कळलंच नाही, की कळून गप्प बसलाय?

श्रावणात एक दिवस उघडीप होती. काकी काठी टेकत माझ्या दारी आली. तिचं लुगडं पाठीकडून ओलं होतं. खोकत होती. मी तिला पाट दिला.

"काकी, ओली कशी?"

"निजायची जागा ओली हाय, मग मी ओलीच असणार."

"मग जागा बदला. पलीकडची खोली सुकी असंल."

"तिथे कमी गळतं, तिथे तो निजतो. त्याला मीच पलीकडे घातला. जास्त गळतं तिथे मी निजते."

"त्याने सांगितलं तुम्हाला?"

"त्याला काय ठाऊक? तो म्हणतो कौल सरकलं असंल, दादाला बोलवू. मी म्हणले, नको बोलवू, मी मेले तरी नको बोलवू." ती थांबली, खोकली. "तू खुर्ची नेलीस तेव्हा मी ओट्यावरच होते. बांबूपर्यंत यायला मला पन्नास पावलं. लेकाच्या कानफटात द्यायला आणखी एक. मी उठले नाय, बाबा. त्याच्या वाटचं गळतंय ते माझ्या अंगावर गळू दे."

मी चुलीत लाकूड सारलं. मला तिचा राग आला. माझा नेम दुसऱ्यावर होता आणि ही बाई मधे येऊन निजली. मला बांबूपाशी बसलेली बायको आठवली आणि तिचं "नको मला." काकी ओली बसली होती आणि तिला खोकला लागला होता आणि वाडीत त्या वर्षी खोकला लागलेल्या माणसापाशी कुणी जात नव्हतं. मीही तिला काठीने बाटली ढकलायची का आता?

चहा केला. कप तिच्या हातात दिला, माझ्या हाताने.

दुसऱ्या दिवशी दाराआडची सागाची काठी घेतली, ती बोटभर लांब नवी काठीही घेतली आणि त्यांच्या घरी गेलो. भाऊ ओटीवर सुपारी कातरत होता. मी म्हणालो, "ऊठ. कौलं दे."

"काय झालं, दादा?"

"तुझी आई भिजत्येय ते तुला दिसत नाय?"

काकीच्या खोलीवरच्या सगळ्या ओळी मी उतरवल्या. रिपा त्या खोलीपुरत्या कापल्या आणि जुन्या काठीने नव्याने ठोकल्या. तो खाली उभा राहून बघत होता. रिपा झाल्यावर दोन काठ्या मी खाली शेजारी शेजारी ठेवल्या होत्या, लपवल्या नाहीत. त्याने त्या उचलल्या, एकमेकींना लावल्या. बोटभर फरक त्याच्या डोळ्यांपुढे आला.

त्याने काठ्या होत्या तिथे परत ठेवल्या. मग म्हणाला, "मी मुद्दाम नव्हतं केलं, दादा. मला भ्या वाटलं होतं."

"मी मुद्दाम केलं," मी म्हणालो. "कौल दे."

त्याने कौल फेकलं. फेकताना म्हणाला, "घे." ते नीट हातात आलं. मला ते आवडलं नाही.

खोलीवर सोळा ओळी झाल्या. ढिगातली वीस कौलं लागली. जिथे खरं माप संपून ते खोटं माप सुरू होतं तिथे मी पत्र्याची पट्टी ठोकली, म्हणजे पाणी काकीकडे येणार नाही. मग खाली उतरलो.

"बाकीचं?" त्याने विचारलं. पलीकडची खोली आणि ओटी, त्याची झोपायची आणि बसायची जागा, तशीच होती.

"बाकीचं थांबू दे जरा."

याला आता काही वर्षं झाली. तोंडाचे टॉवेल गेले, बांबू कुणीतरी मांडवाला वापरला. काकी त्या सुक्या खोलीत निजते, अजून आहे. तो महाडहून दुसरा कारागीर आणू शकतो. रस्ता उघडा आहे, चिठ्ठी लागत नाही. पण त्याने आणलेला नाही. पाऊस आडवा आला की दुपारी जेवताना मला त्याच्या ओटीवर पातेल्यात पडणारं पाणी ऐकू येतं आणि मी भाकरी सावकाश खातो. भिंतीला तीस कौलं तशीच रचून आहेत. शेवाळ धरलंय त्यांच्यावर. तो त्यांना हात लावत नाही आणि मी पण लावत नाही.